‘अजून वेळ आहे, घरी जा’ असं सांगण्याआधी सिस्टर काय काय तपासतात?

कळा सुरू झाल्या म्हणून रात्री रिक्षा करून दवाखान्यात नेलं, सिस्टरनी तपासलं आणि ‘अजून वेळ आहे, घरी जाऊन या’ म्हणून परत पाठवलं. द्वारका, काठे गल्ली, वडाळा, भद्रकाली या पट्ट्यात हे वाक्य ज्या घराने कधीच ऐकलं नाही असं घर सापडणं कठीण आहे. कुणी ते हसत सांगतं, कुणी अजूनही रागाने.

आमचं म्हणणं सरळ आहे. परत पाठवणं ही चूक नाही. नीट न तपासता परत पाठवणं ही चूक आहे. बाहेर बाकावर बसलेल्या अम्मी, सासू, नवरा यांना या दोन्हींतला फरक कळत नाही, कारण पडद्याआड त्या वीस-तीस मिनिटांत काय होतं हे त्यांना कुणी सांगितलेलंच नसतं. म्हणून या लेखात आम्ही तेच मांडतो आहोत: दिवस भरलेली बाई दवाखान्यात आली की सिस्टर काय बघतात, काय विचारतात, का विचारतात, आणि घरच्यांनी त्यात कुठे मदत करायची. डॉक्टरांच्या सल्ल्याची जागा हा लेख घेणार नाही, घेऊही नये.

द्वारकेचं नाव मुद्दाम घेतलं. मुंबई-आग्रा महामार्ग आणि पुणे रस्ता याच चौकात भेटतात. महापालिकेचं डॉ. झाकीर हुसेन रुग्णालय इथून जवळच आहे, जिल्हा शासकीय रुग्णालय त्र्यंबक रोडला. पहिल्या जचकीला माहेरी आलेली मालेगावची मुलगी इथे उतरते, सिन्नरची उतरते, घोटी-इगतपुरीकडचीही. म्हणजे एकाच रात्री पंधरा मिनिटांवर राहणारी बाई आणि शंभर किलोमीटरवरून आलेली बाई शेजारच्या दोन खाटांवर असू शकतात. सिस्टर जेव्हा ‘राहता कुठे? यायला किती वेळ लागतो?’ असं विचारतात, तेव्हा तो गप्पांचा प्रश्न नसतो. घरी पाठवायचं की ठेवून घ्यायचं, याचा निम्मा निर्णय त्या उत्तरावर असतो.

पहिली नजर

अनुभवी सिस्टर विचारायच्या आधी बघतात. बाई चालत आली की धरून आणली, दोन कळांच्या मधे बोलू शकते का, कपड्यावर रक्त आहे का, चेहरा आणि हात सुजलेत का, दम लागलाय का. याला एक मिनिटही लागत नाही. पण हे एक मिनिट केसपेपरच्या रांगेच्या आधी मिळायला हवं, आणि इथे घरच्यांचं तोंड कामाला येतं. गेटवर नुसतं ‘कळा आल्यात’ म्हणू नका. लाल रक्त जात असेल तर ‘रक्त जातंय’ म्हणा. झटका आला असेल, शुद्ध हरपली असेल, ताप असेल, श्वास लागत असेल, खाली जोर येत असेल, नाळ बाहेर आल्यासारखी वाटत असेल, पोट मधे न सुटता सतत दगडासारखं कडक असेल, तर तेच शब्द मोठ्याने सांगा. यांपैकी काहीही असेल तर रांग नाही, केसपेपर नंतर.

डोकेदुखीबद्दल जरा जास्त लिहावं लागेल, कारण ती फसवते. नवव्या महिन्यात डोकं ठणकतंय, डोळ्यांपुढे काजवे चमकतात, छातीच्या खाली उजवीकडे जळजळतंय, आणि घरात म्हणतात, ‘गॅस झालाय, इनो दे.’ हीच तीन लक्षणं गरोदरपणात वाढलेल्या रक्तदाबाची असतात आणि त्यातूनच झटके येतात. म्हणून सिस्टर आधी बीपी बघतात. १४० वर ९० किंवा जास्त आलं तर पुन्हा मोजतात, लघवीत प्रथिनं आहेत का ते पाहतात. १६० वर ११० च्या पुढे गेलं तर ती तातडीची बाब. अशा बाईला कळा असोत-नसोत, घरी पाठवायचं नसतं. झटके रोखायला मॅग्नेशियम सल्फेटचं इंजेक्शन असतं, आणि ते वेळेवर मिळालं तर जीव वाचतात.

बीपी मोजताना बुरख्याची किंवा स्वेटरची बाही वर करायला सांगतात त्याचंही कारण हेच. जाड कापडावरून पट्टा बांधला की आकडा चुकतो. बाही वर जात नसेल तर बुरखा काढायला सांगतात. डोक्यावरचा दुपट्टा किंवा स्कार्फ राहिला तरी चालतो, फक्त आधी तसं बोला.

प्रश्न सिस्टरचा, उत्तर सासूचं

आता खरी अडचण. सिस्टर विचारतात, ‘कितवी वेळ?’ आणि बाईच्या आधी सासू सांगते, ‘दुसरी.’ पण खरी तिसरी असते. लग्नानंतर सहा महिन्यांनी एक गर्भ पडलेला असतो, पिशवी साफ केलेली असते आणि ते फक्त नवऱ्याला आणि माहेरच्यांना ठाऊक असतं. बाई खाली बघते आणि गप्प राहते. कागदावर ‘दुसरी’ लिहिलं जातं.

याने काय बिघडतं? बरंच. आधी पिशवी साफ केलेली असेल तर वार चुकीच्या जागी चिकटण्याची किंवा अडकून बसण्याची शक्यता वाढते, म्हणजे जचकीनंतरच्या रक्तस्रावाची तयारी आधीपासून ठेवावी लागते. बाईचा रक्तगट निगेटिव्ह असेल तर त्या पडलेल्या गर्भाच्या वेळी अँटी-डी इंजेक्शन घेतलं होतं की नाही, हे या बाळासाठी महत्त्वाचं असतं. आधीचं सिझर लपवणारी घरंही असतात, ‘सांगितलं तर पुन्हा सिझरच करतील’ या भीतीने. पोटावरचा व्रण लपत नाही, पण तो कधीचा, का केलं, टाके कसे भरले, हे सांगणारं कुणी नसेल तर धोका वाढतोच. जुनी शिवण कळांच्या ताणाने उकलू शकते. अशा बाईने घरी कळा मोजत बसायचं नाही, पहिल्याच कळेला निघायचं.

म्हणून सिस्टरनी ‘तुम्ही जरा बाहेर थांबा’ म्हटलं की मान राखून बाहेर थांबावं. त्यात सासूचा अपमान नाही. पाच मिनिटं बाई एकटी असते तेव्हा ती जे सांगते, ते चारचौघांत सांगत नाही: जुना गर्भपात, अंगावरचं पांढरं जाणं, घरातली मारहाणसुद्धा. या बाबतीत आम्हाला आपल्या घरांचं वागणं खटकतं. मुलीवर माया असते, तिच्यासाठी रात्र-रात्र जागतो, पण तिच्या अंगाबद्दलचा प्रश्न तिला विचारला तरी उत्तर आपणच देतो.

बाकीचे प्रश्न ठरलेले असतात, पण प्रत्येकामागे हिशेब असतो. शेवटची पाळी कधी आली होती, यावरून दिवस भरलेत की नाही ते कळतं. ३७ आठवडे पूर्ण झाले नसतील आणि कळा असतील तर घरी पाठवायचा प्रश्नच नाही. ३४ आठवड्यांच्या आत असेल तर बाळाची फुफ्फुसं तयार व्हावीत म्हणून आईला इंजेक्शनं देतात आणि कदाचित नवजात बाळांचा विभाग असलेल्या ठिकाणी हलवतात. पाणी गेलं का, किती वाजता, रंग कोणता? स्वच्छ पाणी वेगळं, हिरवट पाणी वेगळं: हिरवट म्हणजे बाळाने आतच शी केलेली असते आणि त्याच्यावर नजर ठेवावी लागते. पाणी जाऊन बरेच तास झाले की जंतुसंसर्गाची भीती, म्हणून वेळ हवी. ‘संध्याकाळी कधीतरी’ हे उत्तर कामाचं नाही. मगरिबच्या आधी की नंतर, असं आठवून सांगितलं तरी सिस्टरला तास धरता येतो.

रमजानमध्ये ‘रोजा आहे का?’ असंही विचारतात, आणि काही जणी संकोचून ‘नाही’ म्हणतात. गरोदर आणि दूध पाजणाऱ्या बाईला आपल्या दीनने सवलत दिली आहे हे सगळ्यांना माहीत आहे, तरी अनेकजणी ठेवतात. तो त्यांचा निर्णय. पण खरं सांगा. दिवसभर पाणी नसेल तर नाडी जलद लागते, लघवीत ॲसिटोन येतं, पोट आवळून येतं आणि बाळाची हालचाल मंद वाटू शकते. रोजा आहे हे माहीत नसेल तर सिस्टर या खुणांचं कारण भलतीकडे शोधत बसतात.

बाळ हलतंय का, हा प्रश्न सगळ्यांत मोठा आहे. आपल्याकडे एक समज पक्का बसलाय की शेवटच्या दिवसांत बाळ ‘शांत’ होतं. हे खरं नाही. जागा कमी झाल्याने उड्या कमी वाटतात, लोळणं-सरकणं जास्त जाणवतं, पण हालचाल थांबत नाही. नेहमीपेक्षा कमी वाटली तर काही खाऊन डाव्या कुशीवर पडा आणि मोजा. दोन तासांत दहा वेळा हललं नाही तर त्याच वेळी निघा. सकाळची वाट बघू नका, फजरचीही नाही.

फाईल मालेगावात, बाई द्वारकेत

माहेरी येताना कपडे येतात, सोनं येतं, सतवाशाला मिळालेल्या भेटी येतात. फाईल सासरी राहते. माता-बाल संरक्षण कार्ड, सोनोग्राफीचे रिपोर्ट, रक्तगट, हिमोग्लोबिन, एचआयव्ही, कावीळ, साखर हे सगळं त्या फाईलमध्ये असतं. ते नसेल तर सिस्टरना शून्यापासून सुरुवात करावी लागते. वार पिशवीच्या तोंडावर आहे की नाही हे शेवटच्या सोनोग्राफीत लिहिलेलं असतं, आणि रक्त जाणाऱ्या बाईची आतून तपासणी करण्याआधी नेमकं तेच माहीत असावं लागतं. तोंडावर वार असताना आत बोट घातलं तर रक्ताचा लोट येऊ शकतो. फाईल सापडत नसेल तर निदान प्रत्येक पानाचा फोटो मुलीच्या आणि नवऱ्याच्या, दोघांच्या मोबाईलमध्ये असू द्या.

हिमोग्लोबिनचा आकडा तोंडपाठ असला तर आणखी चांगलं. २०१९ ते २१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातल्या ५२.२ टक्के गरोदर स्त्रियांमध्ये रक्त कमी आढळलं. ११ च्या खाली म्हणजे कमी, ७ च्या खाली म्हणजे गंभीर. गंभीर असेल तर रक्ताची सोय असलेल्या ठिकाणीच जचकी व्हायला हवी, कारण ज्या रक्तस्रावात दुसरी बाई तग धरते त्यात ही कोसळते. मेंदीने रंगलेल्या नखांवरून फिकेपणा कळत नाही, म्हणून सिस्टर डोळ्याची खालची पापणी ओढून बघतात, जीभ बघतात.

हात, टेप आणि ठोके

पोट तपासणं हे हाताचं शास्त्र आहे. जर्मन डॉक्टर लिओपोल्ड यांनी एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी ज्या चार पायऱ्या सांगितल्या, त्या आजही नर्सिंगच्या विद्यार्थिनींना शिकवल्या जातात. वर काय लागतंय, डोकं की ढुंगण. पाठ कोणत्या बाजूला. खाली काय आहे. आणि ते किती खाली उतरलंय. बाळ आडवं किंवा पायाळू असेल तर इथेच कळतं. मग टेपने पोटाची उंची मोजतात. सातव्या-आठव्या महिन्यात ती जवळपास आठवड्यांइतके सेंटीमीटर भरते. बरीच कमी आली तर बाळाची वाढ किंवा पाणी कमी असेल का, बरीच जास्त आली तर जुळं किंवा पाणी जास्त असेल का, असा विचार सुरू होतो.

त्यानंतर सिस्टर पोटावर हात ठेवून घड्याळाकडे बघत बसतात. बाहेरून बघणाऱ्याला वाटतं, काही करत नाहीत. त्या कळा मोजत असतात: दहा मिनिटांत किती आल्या, प्रत्येक किती सेकंद टिकली. दहा मिनिटांत तीन-चार कळा, प्रत्येक चाळीस सेकंदांच्या पुढे, ही खऱ्या कळांची चाल. खोट्या कळा अनियमित असतात, चाललं किंवा झोपलं की मंदावतात. खऱ्या कळा थांबत नाहीत, जवळजवळ येत जातात.

मग बाळाचे ठोके. मिनिटाला ११० ते १६०. कळेच्या वेळी आणि कळ गेल्यावर पूर्ण मिनिटभर ऐकायचे असतात, कारण कळेनंतर ठोके मंदावून उशिरा सावरत असतील तर ती बाळाची तक्रार असते. त्याच वेळी सिस्टर आईची नाडीही धरतात, आईचेच ठोके बाळाचे म्हणून मोजले जाऊ नयेत म्हणून. जचकी चालू झाली की दर अर्ध्या तासाने हे ऐकायचं, जोर लावायच्या वेळी दर पाच मिनिटांनी. पोटाला पट्टे लावून कागदावर ठोके छापणारं मशीन लावलं नाही म्हणून तपासणी अपुरी झाली असं समजू नका. कोणताही धोका नसलेल्या बाईला आल्या-आल्या ते लावण्याची शिफारस जागतिक आरोग्य संघटना करत नाही. जाता जाता, सरसकट केस काढणं आणि एनिमा देणं यांचीही ती शिफारस करत नाही.

आतून तपासणी

आतून तपासणीच्या वेळी आपल्या बायका सगळ्यांत जास्त अवघडतात. कधी कधी त्याच भीतीने घरून उशिरा निघतात. म्हणून स्पष्ट लिहितो. या तपासणीआधी सिस्टरनी काय करणार ते सांगायला हवं, विचारायला हवं, पडदा ओढायला हवा, अंगावर चादर हवी, हात धुऊन नवे हातमोजे हवेत. ‘बाई डॉक्टर किंवा सिस्टरनीच तपासावं’ असं म्हणायचा तुम्हाला अधिकार आहे आणि बहुतेक वेळा ते जमतं. मध्यरात्री बाई डॉक्टर नसतील आणि जीव धोक्यात असेल तर पुरुष डॉक्टरने तपासणं शरीयतमध्येही गरजेची सवलत म्हणून मान्य आहे. त्यावर दारात वाद घालण्यात वेळ घालवू नये.

बोटांनी चार गोष्टी कळतात: पिशवीचं तोंड किती उघडलं, किती पातळ झालं, पाणमोट शाबूत आहे का, डोकं किती खाली आलं. ‘दोन बोटं उघडलंय’ म्हणजे साधारण तीन सेंटीमीटर. पूर्ण उघडलं म्हणजे दहा. ठीक चाललं असेल तर ही तपासणी साधारण दर चार तासांनी पुरते. येणाऱ्या प्रत्येकाने पुन्हा तपासावं अशी गरज नसते. उलट, पाणी गेल्यावर वारंवार तपासल्याने संसर्ग वाढतो. पाचवा माणूस हातमोजे घालत असेल तर ‘मघाशी किती सांगितलं होतं?’ असं सौम्यपणे विचारायला हरकत नाही.

चार की पाच?

घरी पाठवण्याचा निर्णय इथे होतो. अमेरिकन डॉक्टर फ्रीडमन यांनी १९५० च्या दशकात शेकडो बाळंतपणांचे आलेख काढले आणि वेग पकडल्यानंतर तासाला एक सेंटीमीटर हे माप त्यातून रूढ झालं. १९७२ मध्ये फिलपॉट आणि कॅसल यांनी तेव्हाच्या ऱ्होडेशियात, दूरच्या दवाखान्यातल्या सुईणींना बाई कधी मोठ्या रुग्णालयात पाठवायची हे कळावं म्हणून, त्या आलेखावर इशाऱ्याची आणि कृतीची अशा दोन रेघा मारल्या. आपल्या सरकारी दवाखान्यांत सिस्टर भरतात तो पार्टोग्राफ तोच. तो चार सेंटीमीटरपासून सुरू होतो.

नंतरच्या अभ्यासांत दिसलं की निरोगी बायकांचाही वेग बराच वेगवेगळा असतो. म्हणून २०१८ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने खरी, वेगवान जचकी पाच सेंटीमीटरपासून धरायला सांगितली आणि २०२० मध्ये त्यानुसार नवा तक्ता दिला. पाचच्या आधीचा टप्पा किती वेळ चालेल याची मर्यादा तिने ठरवली नाही. पहिलटकरणीला तो रात्र आणि वर दिवस असा लांबू शकतो. पाचनंतर पहिल्या वेळी साधारण बारा तास, नंतरच्या वेळी दहा, याच्या आत बहुतेकींचं तोंड पूर्ण उघडतं.

आता समजा दोन सेंटीमीटरला भरती केलं. बाई रात्रभर अनोळखी खाटेवर, झोप नाही, धड खाणं नाही. सकाळी तीन सेंटीमीटर. घरचे विचारू लागतात, ‘का होत नाही?’ मग कळा वाढवायचं सलाईन, मग थकवा, मग ‘प्रगती नाही’ म्हणून सिझर. लवकर भरती झालेल्या बायकांमध्ये कळा वाढवण्याची औषधं आणि सिझर जास्त होतात, असं अनेक अभ्यासांत दिसलं आहे. सिझर खुद्द वाईट नाही, गरजेच्या वेळी ते आई आणि बाळ दोघांना वाचवतं. पण त्याच राष्ट्रीय पाहणीत सरकारी दवाखान्यांत १४.३ टक्के आणि खासगीत ४७.४ टक्के बाळंतपणं सिझरने झाली. एवढी तफावत फक्त बायकांच्या तब्येतीमुळे आहे, हे आम्हाला पटत नाही. दिवस भरलेले, बाळ डोक्याकडून, ठोके ठीक, बीपी ठीक, पाणी गेलेलं नाही, रक्त नाही, जुनं सिझर नाही, घर जवळ, आणि तोंड दोन-तीन सेंटीमीटर: अशा बाईला ‘घरी जा, खा, चाला, झोपा’ सांगणारी सिस्टर तिचं भलंच करत असते.

यातली एक जरी गोष्ट बदलली तर तो सल्ला बदलतो. म्हणून निघण्याआधी उभ्या उभ्या विचारून घ्या: बीपी किती, ठोके किती, तोंड किती उघडलं, डोकं खाली आहे का, आणि परत कधी यायचं. हे चार आकडे आणि वेळ केसपेपरवर लिहून मागा. सिस्टरनी तपासलं असेल तर लिहायला मिनिटही लागत नाही. आकडे नाहीतच असं उत्तर आलं, तर निघू नका, ‘डॉक्टरांना दाखवा’ म्हणा. आणि घर दूर असेल, किंवा पुढच्या वेळची जचकी झपाट्याने होईल असं आधीच्या अनुभवावरून वाटत असेल, तर थांबवून घ्यायला सांगा. मालेगावला परत जाऊन पुन्हा यायचा सल्ला कुणी देत असेल तर तो मानू नका, द्वारकेतच खालाकडे मुक्काम करा.

घरी आल्यावर

हलकं खाणं, पाणी, खजूर, चालणं, कोमट पाण्याने अंघोळ. साखरेचा त्रास असेल तर खजुराचं विचारून घ्या. कळा पाच मिनिटांनी एक, मिनिटभर टिकणारी, आणि हे तासभर चालू राहिलं की पहिलटकरणीने निघायचं. दुसरी-तिसरी असेल तर त्याआधीच.

पंजा-ए-मरियम पाण्यात ठेवून तो उमलताना बघण्याची पद्धत बऱ्याच घरांत आहे. बघण्याने मनाला धीर येत असेल तर येऊ द्या. त्याचं पाणी पाजलं असेल तर मात्र सिस्टरना सांगा, एरंडेल दिलं असेल तरी सांगा. दंडाला, कमरेला तावीज असेल तर ऑपरेशनच्या वेळी ते काढून घरच्यांच्या हाती देतात, टाकत नाहीत. या सगळ्यांत आम्हाला भीती एकाच गोष्टीची वाटते: गल्लीतल्या एखाद्या ‘डॉक्टर’कडून घरच्या घरी घेतलेलं कळांचं इंजेक्शन. ठोक्यांवर लक्ष नसताना, मोजून थेंब न सोडता ते दिलं तर पिशवी फाटू शकते, बाळाचा श्वास कोंडू शकतो. असं काही झालं असेल तर लाज न बाळगता पहिल्या मिनिटात सांगा.

कागद आणि त्यानंतरचं काम

हे सगळं तपासायला लक्षात राहावं म्हणून जागतिक आरोग्य संघटनेने सुरक्षित प्रसूतीची एक यादी केली. कर्नाटकातल्या एका उपजिल्हा पातळीच्या रुग्णालयात ती आधी वापरून पाहिली, तेव्हा २९ पैकी सरासरी १० कामं होत होती ती २५ वर गेली. नंतर उत्तर प्रदेशात १२० दवाखान्यांत, दीड लाखांहून जास्त बाळंतपणांत तिची मोठी परीक्षा झाली. सिस्टरचं काम तिथेही सुधारलं, पण २०१७ मध्ये निकाल आला तेव्हा मृत्यू कमी झालेले दिसले नाहीत. आम्हाला यात निराशा वाटत नाही, इशारा वाटतो. धोका ओळखला, पण पुढे रक्त नाही, डॉक्टर नाही, गाडी नाही, तर ओळखून काय उपयोग? महाराष्ट्रात लाख बाळंतपणांमागे मातामृत्यू २०१८ ते २० मध्ये ३३ वर आले, देशात ते ९७ होते. हे तपासणी आणि पुढची सोय दोन्ही असल्यामुळेच.

त्याच यादीत एक काम सोबतच्या बाईलाही दिलं आहे, आणि ते फार कमी घरांना माहीत आहे. रक्त जाऊ लागलं, पोटात असह्य दुखलं, डोकं दुखलं, दिसेनासं झालं, लघवी होईना किंवा जोर आला, तर सोबतच्या बाईने ताबडतोब सिस्टरला हाक मारायची. सरकारी प्रसूतिगृहात अशी एक बाई सोबत ठेवायची मुभा केंद्राने २०१६ पासून दिली आहे, शक्यतो जिने स्वतः जचकी अनुभवली आहे अशी. दारावर अडवलं तर हे सांगा. पण पाठवताना मोबाईलवर व्हिडिओ काढणारी नणंद नको, शांत डोक्याची खाला किंवा मोठी बहीण पाठवा.

खर्चाचं थोडक्यात: जननी-शिशु सुरक्षा कार्यक्रमाखाली २०११ पासून सरकारी दवाखान्यात जचकी, सिझर, औषधं, तपासण्या, रक्त, जेवण आणि घर ते दवाखाना ते घर गाडी हे सगळं मोफत आहे. गाडीसाठी १०२, जिवावर बेतलं असेल तर १०८. नवव्या महिन्यात हे दोन आकडे आणि ओळखीच्या एका रिक्षावाल्याचा नंबर दारामागे चिकटवा. संध्याकाळी द्वारका चौकात गाड्या तुंबतात तेव्हा सारडा सर्कलकडून निघायचं की मुंबई नाक्याने, हे रिक्षात बसल्यावर नाही, आधीच ठरवून ठेवा.